दुकानापुरतं कुंकू

बेळगावच्या स्टेशनावर आम्हांला पोचवायला आई एकटीच आली. आप्पा आले नाहीत. माग चालू आहे, सोडून कसं येऊ, म्हणाले. खरं तर मागावर तेव्हा ताणाच नव्हता, सूत मिळेना म्हणून कितीतरी दिवस तो तसाच बसून होता. पण लेकी निघाल्यावर बापानं रडायचं कुठं, हा त्यांचा प्रश्न, आणि तो त्यांनी घरात बसून सोडवला. आई वडगावातून चालत आली, हातात दशम्यांचं गठुळं घेऊन.

मी नवी नवरी, पुण्याला निघालेली. आमचे हे तिथं एका छापखान्यात होते. माझ्याबरोबर गंगाआक्का, माझी थोरली बहीण. लग्न झालं आणि दोन पावसाळ्यांत तिचा नवरा तापानं गेला. तेव्हापासून ती माहेरीच, मागासाठी कांड्या भरत बसलेली. मागच बसले तर कांड्या कुणासाठी भरायच्या? म्हणून आईनंच ह्यांना गळ घातली होती, "दोघीस्नी न्या जावई. थोरली काय बी काम करंल. कुनाला जड न्हाय व्हायाची माजी लेक."

गाडी लागली. इंजिनाचा धूर तोंडावर आला, तशी आईनं पदराचं टोक ओलं केलं आणि आमची तोंडं पुसायला लागली, आम्ही काय कुक्कुली बाळं असल्यासारखी. आक्काचं कपाळ पुसताना तिचा हात थांबला. आक्काच्या दोन्ही भुवयांच्या मधे एक हिरवी टिकली होती, गोंदलेली. आमच्यात पोरगी सासरी जायच्या आधी गोंदणारीण बोलावतात; कपाळावर टिकली, हातावर तुळस नि विंचू. आक्काला गोंदताना आईनं तिचं डोकं मांडीत धरलं होतं म्हणे. आक्काचा नवरा गेला तेव्हा म्हाताऱ्यांनी तिचं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या, पण टिकली काही निघेना. एक म्हातारी तर घासायलाच लागली. तेव्हा आई तिच्या अंगावर धावून गेली होती, "ती नवऱ्याची न्हवं! ती माजी हाय!"

स्टेशनावर आई एवढंच म्हणाली, "ही जपून ठेव गं. माहेराचं एवढंच र्‍हायलंय तुज्या अंगावर." मग गाडी सुटली. मी खिडकीतून हात हालवत बसले, आक्का मात्र समोर बघत होती.

हे सगळं मी का लिहिते आहे? वडगावात, शेजारच्या शहापुरात अजून माझी माणसं आहेत. आक्काबद्दल ती काय बोलतात ते मला इथं पुण्यात बसून ऐकू येतं. आणि माझ्यासारख्या गाव सोडून आलेल्या पुष्कळ जणी आहेत, त्यांनी आपापलं कपाळ आठवावं. माझी भाषा वाचून कुणी हसू नका. दुकानात गिऱ्हाइकांशी बोलून बोलून ती अशी धुतलेली झाली. राग आला की मात्र अजून वडगावचीच बाहेर पडते.

तर दुकान. शहापूरचा एक व्यापारी आमच्याकडच्या साड्या पुण्याच्या एका मोठ्या दुकानात घालायचा. आम्ही त्याला अण्णा म्हणायचो. त्या दुकानाच्या शेठनी माडीवर खास बायकांसाठी हॉल काढला होता. आरसे, खुर्च्या, वर पंखा. साड्या दाखवायला बायकाच हव्यात, म्हणजे घरंदाज बायका मोकळेपणानं बसतील, अशी त्यांची कल्पना. अण्णानं आमची नावं सुचवली. विणकराच्या लेकी, कापड हातात घ्यायला कुणी शिकवायला नको. आमचे हे आधी कुरकुरले, मग घरभाड्याकडं बघून गप्प बसले.

पहिल्याच आठवड्यात एका बाईंनी माझ्या हाताकडं बघून नाक मुरडलं. सोन्याचं घड्याळ बांधलेल्या, पायात सँडल. म्हणाल्या, "शेठ, साडी चांगली आहे हो, पण ते विंचू-बिंचू बघून घ्यायची इच्छाच जाते." मी तिथंच उभी, साडी दोन्ही हातांवर पसरलेली. हात लपवायचे तर साडी खाली पडणार! शेठनी आम्हांला मनगटापर्यंत बाह्यांची पोलकी शिवून दिली. उन्हाळ्यात त्यात जीव जायचा, पण म्हटलं ठीक आहे. कपाळाचं काय? मी सवाष्ण. माझ्या टिकलीवर मोठं कुंकू बसलं आणि माझा विषय तिथंच मिटला.

आक्काचा मिटेना. तिचं कपाळ मोकळं आणि त्यावर ती हिरवी टिकली, लांबून दिसणारी. शेठनी मला बाजूला बोलावलं. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. पण त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "माझं काही नाही हो, गिऱ्हाईकाचं बघावं लागतं." म्हणाले, "ते गोंदण गावंढळ दिसतं. शिवाय आपलं लग्नाच्या बस्त्याचं दुकान, समोर विधवा बसलेली कुणाला आवडेल? तुमच्या बहिणीला म्हणावं दुकानापुरतं कुंकू लावा. दोन्ही गोष्टी झाकतील."

दुकानापुरतं कुंकू! कांदेबटाटे मोजायचं माप आहे का ते? मी भांडायलाच निघाले होते, पण आक्कानं दंड धरला. खोलीवर आल्यावर चूल पेटवता पेटवता म्हणाली, "परत गेले तर आप्पांच्या दारात बसून खायाचं. त्यापरीस हे बरं. मेल्या नवऱ्याला कळतंय व्हय, मी काय लावलं नि काय पुसलं?" दुसऱ्या दिवसापासून ती माडीच्या जिन्यात उभी राहून माझ्या करंड्यातलं कुंकू लावायची आणि संध्याकाळी तिथंच पुसायची. पुसताना ती टिकली पुन्हा वर यायची. मला ते बघवायचं नाही, मी जिना उतरून पुढं जायची.

एक गंमत सांगते, गंमत म्हणायची म्हणून. कॅम्पातला एक गोरा सार्जंट मडमेसाठी रेशीम घ्यायला आला. हात कोपरापर्यंत उघडे, त्यावर नांगर, साप आणि एक बाई, तीसुद्धा अर्धीमुर्धी! शेठनी त्याला खुर्ची दिली, लेमन मागवलं, आणि तो हात कापडावर फिरला तरी एक अक्षर काढलं नाही. आक्का माझ्या कानात पुटपुटली, "त्येच्या विंचवाला बाही न्हाय व्हय गं?" तेवढीच मी तिला त्या दुकानात हसताना बघितली. गिऱ्हाइकाच्या अंगावरचं गोंदण चालतं, नोकराच्या अंगावरचं नाही. नोकराचं अंग मालकानं घेतलेलं असतं, असंच ना? काम घ्या की, कपाळ कशाला घेता?

पुढं दिवाळीच्या आधी शहापूरचा अण्णा माल घेऊन आला. माडीवर आला, आक्काकडं बघितलं, चहा घेतला आणि निघून गेला. एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं असतं तर आम्ही सांगितलं असतं. पण आमच्याकडं बाईच्या कपाळावर कुंकू दिसलं की त्याचा अर्थ एकच, तो विचारून खात्री करायची गोष्टच नव्हे. त्यानं गावात जाऊन सांगितलं, थोरलीनं पुण्यात दुसरा घरोबा केला. पुढच्या खेपेला तोच आप्पांचा निरोप घेऊन आला, "थोरलीला म्हनावं, ही वाट आता तुला न्हाय."

मी त्याच रात्रीची गाडी धरली. आप्पा ओट्यावर बसले होते. सगळं सांगितलं, शेठ, गिऱ्हाईक, जिन्यातलं कुंकू. आप्पांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दुकानातलं काय नि घरातलं काय, कपाळ एकच न्हवं?" आई आतून आली. तिनं मात्र विश्वास ठेवला. म्हणाली, "घिऊन ये तिला. ह्या लोकांस्नी मी दावते. मोकळ्या कपाळावर नुसती टिकली बघतील आन् कुकू पुसलं तवाचं सगळं आठवंल त्यास्नी. मी एकेकीच्या दारात घिऊन जाते." मला धीर आला. आईनं ठरवलं की ती करायचीच. मी दोन दिवस राहिले आणि परत फिरले.

आणि इथं पुण्यात आक्कानं त्या दोन दिवसांत करायचं ते करून ठेवलं होतं.

तिनं तिचा हिशेब लावला होता. टिकलीच नसली तर झाकायला कुंकू नको. कुंकू नसलं तर गावात तोंड दाखवता येईल. आणि गोंदण नाही म्हटल्यावर शेठही ठेवून घेतील, विधवा तर विधवा. नळावर कुणीतरी तिला सांगितलं की बिब्ब्यानं गोंदण जातं. परीट कपड्यांवर खुणा करतो तो बिब्बा. तो तापवून त्याचं तेल काडीनं टिकलीवर लावलं तिनं. मी दार उघडलं तेव्हा तिचे दोन्ही डोळे सुजून बंद झालेले, कपाळावर हा एवढा फोड. मी किंचाळले, "आक्का, काय केलंस गं हे! आई तुला बोलावतीया, टिकलीसकट बोलावतीया!" तिला दिसत नव्हतं. माझा आवाज आला त्या बाजूला तोंड करून म्हणाली, "मग आदी सांगायचं न्हाय व्हय?"

फोड पिकला, खूप दिवस वाहिला. बरा झाला तेव्हा टिकलीच्या जागी रुपयाएवढा काळा डाग. शेठनी हळहळ केली, डॉक्टर दिला, आणि तिला माडीवरून काढून मागच्या गोदामात घड्या घालायला बसवलं. गिऱ्हाईक पुढं असतं, घड्या मागं.

त्यानंतर मी तिला वडगावला घेऊन गेले. गल्लीत शिरलो तशी बायका दारात आल्या. एकीनंही विचारलं नाही, भाजलं का, लागलं का. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर बोलणं सुरू झालं, "दुसऱ्या दादल्याचं कुकू जाळून आलीया बघ. न्हायतर कपाळ कोन जाळतंय?" आता काय दाखवणार होती आई? दाखवायचं होतं तेच राहिलं नव्हतं. आप्पा म्हणाले, "र्‍हाऊ दे चार दिस, पर दारात बसू नगं म्हनावं." आईनं आक्काला न्हाऊ घातलं, केस विंचरले, त्या डागावर खोबरेल लावलं. मग रडू फुटलं तिला. "कुकू लावलंस त्येचं मला काय न्हाय गं. ते काय, शिपायाच्या टोपीगत, ड्युटी संपली की काडायचं. पर ती टिकली मी लावलीती. माजी वस्तू तू मला न इचारता टाकून दिलीस."

सकाळी आक्काच म्हणाली, "चल चंद्रे, जाऊ या." आई या वेळी स्टेशनावर आली नाही. आक्का पुन्हा वडगावला गेली नाही. आई गेली तेव्हाही नाही. मी म्हटलं होतं, चल, शेवटचं तोंड तरी बघ. म्हणाली, "मी बघीन गं, पर तिला माजं तोंड कशाला दावायचं?" लढाईच्या दिवसांत गोदामातच तिला ताप भरला आणि तीन-चार दिवसांत ती गेली. अंगावर शेवटचं पाणी घालताना चाळीतल्या बायकांनी मला विचारलं, "सवाष्ण का विधवा हो? कपाळावरून कळत नाही." मी त्यांच्यावर ओरडले. मेलेल्या माणसाला तरी सोडा म्हटलं. मग कुणी काही लावलं नाही.

आज मी त्याच माडीवर सगळ्यांत जुनी आहे. शेठ गेले, त्यांचे चिरंजीव गादीवर बसतात. काळ बदलला म्हणतात. रस्त्यावर यंदा स्वातंत्र्याचे झेंडे लागले, आरशांवर तिरंगी कागद चिकटवले. कॉलेजातल्या मुली माझी बाही वर सरकवून बघतात, "अय्या, किती आर्टिस्टिक!" आता लांब बाह्यांचा हुकूम नाही. गावाचं म्हणाल तर तिथं आता भाऊबंद आहेत, घर आहे, पण मी गेले तर चहा देतात आणि गाडी किती वाजता आहे ते विचारतात. मला घर कुठं असं विचारलं तर वडगाव असंच येतं तोंडात. मग पत्ता मात्र पुण्याचा सांगते. माझं घर आक्काच्या कपाळावर होतं असं मला वाटतं, आणि ते मी राखू शकले नाही असं नव्हे, ते राखायला कुणी मला सांगितलंच नव्हतं.

गेल्या आठवड्यात निपाणीची एक बाई कामाला आली. शेवंता नाव. तिकडं तंबाखूच्या वखारीत होती, आता नवऱ्याबरोबर इकडं आलेली. धाकट्या शेठनी तिला माझ्याकडं पाठवलं, जरा बघा म्हणाले, बोलायला बरी आहे का. बोलायला लागली आणि माझं काळीज हललं. तोच सूर, तेच "व्हय जी", तेच "न्हाय वो". मी तिला जवळ बसवलं. तेव्हा दिसलं. हनुवटीवर आणि कपाळावर हळद थापलेली, आणि हळदीखाली ताजे फोड.

"कुणी सांगितलं गं तुला हे करायला?"

"कुनी न्हाय वो आक्का. आईनंच केलं. म्हनाली, शहरातल्या दुकानात चालत न्हाय. तिथं परक्यानं हात लावायच्या आदी हितं माज्या मांडीवरच हुंदे. लई रडली वो लावताना."

धाकटे शेठ गादीवरून ऐकत होते. मान वर करून म्हणाले, "अहो, कशाला जाळायचं? आता असतं तरी चाललं असतं की! लोकांना आवडतं हल्ली."

शेवंतानं माझ्याकडं बघितलं. हात हनुवटीपाशी नेला, पण लावला नाही. हळूच विचारलं, "व्हय आक्का? चाललं असतं?"

मी तिचा हात धरून खाली घेतला. म्हटलं, "न्हाय गं बाई. चाललं नसतं. आईनं केलं ते बरं केलं."