बांधाबाहेरचा चर

केझाया टफिनला आमच्या गावात तोंडावर उलट बोलायची कुणाची छाती नव्हती. कमरेला कोयता आणि जीभ त्याहून धारदार. साठी उलटली तरी हेझल झुडपाच्या लवचिक काठ्या चिरून ती मेंढ्यांच्या कुंपणाच्या ताट्या विणायची. तिची ताटी दहा वर्षं टिके. माझ्या बापाची तिसऱ्या हिवाळ्यात मोडायची, आणि हे ती मला भेटेल तेव्हा ऐकवायची.

मी मेंढपाळ, त्यामुळे ताट्यांवाचून माझं पान हलत नसे. ताट्या, चुलीचं सरपण, घराचे वासे, सगळं एकाच रानातून यायचं. त्या रानाचे आम्ही आठ तुकडे पाडले होते. दर हिवाळ्यात एक तुकडा जमिनीलगत तोडायचा, खुंटांना खोडवा फुटू द्यायचा आणि आठ वर्षांनी पुन्हा तिथे यायचं.

१८११च्या मार्चमध्ये जमिनीची वाटणी करायला सरकारी साहेब आले. रान जुनं ठरलं तर गावाचा तोडीचा हक्क राहणार होता. ओसाड माळ ठरला तर सगळं जमीनदाराच्या नांगराखाली जाणार आणि आमच्या चुली थंड होणार. जमीनदाराचा कारभारी स्लेडन पक्का बेरकी. त्याने साहेबांना नेमकं रस्त्याकडच्या तुकड्यात आणलं. तो केझायाने त्याच हिवाळ्यात तोडला होता, आणि जिकडे पाहावं तिकडे नुसते खुंट.

"हे म्हणे रान!" स्लेडन हसला. "साहेब, यात ससासुद्धा लपायचा नाही."

आम्ही चौदा जण टोप्या हातात धरून उभे होतो. साहेबांनी पेन्सिल काढली.

"बाई, यात झाडं कुठं आहेत?" साहेबांनी विचारलं.

"तुमच्या पायाखाली. जरा सरका, खुंटावर उभे आहात तुम्ही."

साहेब चक्क सरकले. केझायाने कोयत्यानेच पलीकडे दाखवलं. "तो गेल्या वर्षी तोडलेला, कमरेला लागतोय. त्याच्यामागचा तुमच्या टोपीच्या वर जाईल. बघायचं असेल तर चला, बूट चिखलात जातील एवढंच."

"झुडपं आहेत ती," स्लेडन मध्येच बोलला. "पूर्वी शेत होतं हे. कुणी लक्ष दिलं नाही, म्हणून माजलं. रान जुनं असल्याचा कागद आहे का?"

कागद! आमच्यात सही करता येणारे दोघे, त्यातला एक आंधळा झालेला.

"कागद नाही," केझाया म्हणाली. "बांध आहे. रानाभोवती मातीचा बांध आणि त्याच्या बाहेरून चर. गुरांनी आत येऊन कोवळे कोंब खाऊ नयेत म्हणून. आमच्या पणज्यालाही ठाऊक नाही कुणी घातला ते."

साहेबांनी मान वर केली. "चर कुठे दिसतोय?"

तिथेच घोडं अडलं. पालापाचोळ्याने आणि गुरांच्या पायांनी चर कधीच बुजला होता. धडधडीत दिसायचा तो एकाच जागी, केझायाच्या घरात. तिच्या आजोबाने ते चरातच बांधलं होतं, आणि मागची भिंत म्हणजे तासलेला बांध.

मी तिच्या बाहीला धरलं. शेजारच्या गावात याच साहेबांनी माळावर विनापरवाना बांधलेली अशी तीन घरं पाडायला लावली होती. आठवड्यापूर्वी मीच तिला ते सांगितलं होतं, तेव्हा तिने मला हसून उडवून लावलं होतं. एका रात्रीत घर उभं करून सूर्य उगवायच्या आत धुराड्यातून धूर काढला की ती जागा आपली, हे आम्ही सगळेच आईच्या दुधाबरोबर प्यायलो होतो.

"मावशी, घराकडे नको," मी पुटपुटलो.

तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. म्हणजे तेव्हा हसली तरी बातमी तिच्या मनात घर करून राहिली होती.

"मग कुठं नेऊ, तुझ्या मेंढ्यांकडे?" असं म्हणून ती चालायला लागली.

घरात तिने एकटीने कपाट ओढलं. मागे उघडी माती, आणि तिच्यातून गेलेलं ओकचं मूळ, माणसाच्या मांडीएवढं. साहेब बाहेर जाऊन बांधावरचा तो ओक पाहून आले, पावलांनी बांधाची रुंदी मोजली.

"शेताला एवढा बांध कुणी घालत नाही," ते म्हणाले. "ओक तीनशे वर्षांचा तरी असेल. बांध त्याच्याही आधीचा. रान जुनं आहे." कागदावर त्यांनी बांधाच्या कडेने रेघ आखली.

स्लेडनचं तोंड एवढंसं झालं. आम्ही टोप्या उडवणार, तोच साहेबांनी विचारलं, "बांधाच्या बाहेरचं सगळं माळ. मग हे घर कुणाच्या परवानगीने?"

"आजोबाने एका रात्रीत बांधलं, साहेब. सकाळी धूर निघाला होता. गावाने पाहिलाय."

"असा कायदा नाही, बाई. कधीच नव्हता." त्यांचा आवाज कठोर नव्हता, आणि तेच जास्त लागलं. ते आमच्याकडे वळले. "कुणाला काही सांगायचं आहे?"

हे रानाच्या राखणदाराचं घर आहे, एवढं एक वाक्य पुरलं असतं. बांधाबाहेर असलं तरी राखणदाराचं घर रानातच धरत. आणि खोटं तरी कुठे होतं ते? चाळीस वर्षं रान तिनेच राखलं होतं. पण आपण बोललो आणि साहेबांना शंका आली, तर आखलेली रेघ पुसतील, ही भीती चौदाही जणांना वाटली. केझायाने एकेकाकडे पाहिलं. मी टोपीतली शिवण बघत राहिलो. पेन्सिल कागदावर फिरली.

मे महिन्यात घर पाडलं. ती कोयता आणि गाठोडं घेऊन रस्त्यावर उभी होती. मी धावत गेलो, म्हटलं, "मावशी, माझ्याकडे चला. मागची खोली रिकामी आहे. तुम्हाला असं जाऊ देणार नाही मी."

तिने गाठोडं खांद्यावर घेतलं.

"आज फुटलं होय रे तोंड, ॲम्ब्रोज?" ती म्हणाली.