बसचं मरणपत्रक

स्पास्का तोंड दाबून बसणाऱ्यातली कधीच नव्हती, पण त्या हिवाळ्यात तिचं डोकं जे फिरलं ते फिरलंच. बल्गेरियाच्या एका कोपऱ्यातलं तिचं गाव. तरुण माणसं केव्हाच परदेशी गेलेली, मागे राहिली ती म्हातारीकोतारी. आधी गावाची बस बंद झाली. जुनी आहे, धूर ओकते, शहराची हवा बिघडवते, असं कारण सांगितलं. शहरात मात्र विजेवरच्या नव्या बस आल्या, चकचकीत आणि अर्ध्या रिकाम्या.

मग स्पास्काच आपल्या खटारा डिझेल गाडीतून शेजारच्या मितोकाकांना एक दिवसाआड शहरात डायलिसिसला नेऊ लागली. एक खेप चुकली तर काकांच्या जिवाशी खेळ होता. डिसेंबरात तिच्या गाडीलाही शहराची वेस बंद झाली. विजेची गाडी घ्या, सरकार अर्धे पैसे देईल, असं तिला ऐकवण्यात आलं. उरलेले अर्धे तिनं कुठून काढायचे होते, कोबीच्या लोणच्याच्या पिंपातून? हवा साफ हवी हे तिलाही पटत होतं. पण त्या साफ हवेचा खर्च नेमका मितोकाकांच्या मूत्रपिंडांवर का टाकला, हे कुणी सांगेना.

एके दिवशी तिनं काकांना वेशीवर उतरवलं आणि हाताला धरून चालवत नेलं. बर्फात ते दोनदा मटकन खाली बसले. घरी येताच तिनं कपाटातून बसचा जुना फोटो शोधून काढला.

गावच्या थांब्यावर आता बस थांबत नव्हती, मेलेली माणसं तेवढी थांबलेली. काळ्या चौकटीतली, फोटो छापलेली त्यांची पत्रकं तिथं चिकटवायची ही तिकडची रीत, मरणाच्या चाळिसाव्या दिवशी नवीन, वर्षाला पुन्हा. फाडत कुणी नाही, ऊनपावसानं जाईल तेव्हा जाईल. स्पास्काच्या नवऱ्याचंही तिथंच होतं. तिनं शेजारी बसचं लावलं, फोटोसकट, आणि त्याची कड मुद्दाम नवऱ्याच्या पत्रकावर चढवली. 'आमची सकाळची बस. धडधाकट असताना मारली गेली. शोकाकुल: ज्यांना चालवत नाही ते सगळे.'

त्याची बोंब शहरापर्यंत गेली. दोन दिवसांनी नगरपालिकेचे काल्चेवसाहेब विजेच्या गाडीतून स्वतः ते काढायला आले. तो मितोकाकांचा दवाखान्याचा दिवस होता आणि ते पिशवी घेऊन स्पास्काच्या गाडीची वाट बघत थांब्यावरच बसले होते. साहेबांनी कागदाला हात घातला.

"फाडा ना, साहेब," स्पास्का म्हणाली. "माझा नवराही फाटेल त्याच्याबरोबर. तो काही बोलायचा नाही, जिवंतपणीही बोलत नव्हता."

साहेबांचा हात आपोआप खाली आला. नियम वरून येतात, आमच्या हातात काय आहे, असं ते पुटपुटले. स्पास्कानं त्यांच्या गाडीचं दार उघडलं.

"तुमच्या गाडीला वेस मोकळी आहे ना? मग काकांना दवाखान्यात सोडा."

कुंपणापाशी सगळं गाव उभं होतं, साहेब नाही कसं म्हणणार? मितोकाका सावकाश आत बसले आणि गरम सीटवर हात फिरवून पाहिला. मग अगदी सरळपणे त्यांनी विचारलं,

"परवा किती वाजता येता, साहेब?"

काल्चेवसाहेब स्टिअरिंगशी बसले आणि पट्टा लावू लागले. स्पास्कानं दार तसंच धरून ठेवलं. उत्तर मिळेपर्यंत ती ते लावणार नव्हती.