आबांनी बाकावर ठेवलेलं मीठ

इथे मॉरिशसला, नवऱ्याच्या देशात, हवा दमट झाली की बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं आणि मला तीस वर्षांपूर्वीचा पेणचा एसटी स्टँड दिसतो. आम्ही मुलांना घेऊन कायमचे निघालो होतो. माझ्या वडिलांनी, आबांनी, जन्मभर मिठागरात काम केलं. त्यांनी तिथल्याच मिठाची पुरचुंडी आणली होती. मी हात पुढे केला, तर त्यांनी ती बाकावर ठेवली.

“मीठ हातात नाय देत गो. भांडण होतं.”

तेव्हा मला हसू आलं. मी पुरचुंडी उचलली तोवर त्यांचा भेगाळलेला हात मागे गेला होता.

पुढे आबा गेल्याचं पत्रच आलं, तेही तेरावं उलटल्यावर. आता बरणीत दुकानातलं मीठ असतं. भांडण झालं असतं तरी चाललं असतं, हात तरी हातात आला असता.