शेवटच्या कडव्यातलं नाव

सोमवारी धम्मपालच्या गाण्यांच्या चॅनलवर एकतीस हजार माणसं होती, शनिवारी चोवीस हजार उरली. एवढी माणसं पाच दिवसांत एखाद्या गावातून उठून गेली असती तर निदान धूळ तरी दिसली असती. इथे नुसता आकडा उतरत होता आणि धम्मपाल दर तासाला तो बघत होता.

तो सीमेपलीकडे, तेलुगू मुलखात, इंद्रवेल्लीजवळच्या सरकारी मराठी शाळेत मास्तर. सुट्टीच्या दिवशी रिकाम्या वर्गाच्या खिडक्या लावायच्या, आवाज नको म्हणून पंखा बंद करायचा, मोबाईल बाकावर उभा करायचा आणि घामाघूम होऊन गायचं, एवढाच त्याचा स्टुडिओ. पाठीशी ना कंपनी, ना मालक. सात वर्षांत माणसं जमली, त्यातली निम्मी तर एकाच गाण्याने. ‘मायच्या ओटीत कापूस होता, माह्या हाती पाटी’ हे त्याचं गाणं सीमेवरच्या गावागावांत लग्नाला, जयंतीला वाजू लागलं होतं.

त्याच गाण्यावर एका कॅसेट कंपनीने हक्क सांगितला आणि गाणं बंद पडलं. ज्यांच्या गायन पार्टीत तो शिकला त्या भिवाजी गुरुजींची दोन जुनी गाणी गायल्याचे दोन ठपके त्याच्या नावावर आधीच होते. ती गाणी खरंच कंपनीची होती, तेव्हा तो गप्प बसला होता. हा तिसरा ठपका, आणि तिसऱ्याला चॅनलच जातं. हरकत घ्यायला सात दिवस होते.

आता कंपनीचा तरी काय दोष म्हणावा? गाण्याच्या शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतं, ही गायन पार्टीतली जुनी रीत. आणि गुरू हयात असेपर्यंत चेल्याने त्या जागी स्वतःचं नाव घालायचं नाही, गुरूचं घालायचं, ही त्याहून पक्की रीत. धम्मपालने ती इमानाने पाळली. कडव्याच्या शेवटी स्वच्छ आवाजात ‘भिवाजी सांगे’ असं गायला. आणि भिवाजी गुरुजींनी पंचवीस वर्षांपूर्वी त्या कंपनीला आजवरची आणि पुढची सगळी गाणी लिहून दिली होती. पुढची म्हणजे किती पुढची, हे विचारायचं तेव्हा कुणाला सुचलं नाही.

मग धम्मपालने आणखी एक शहाणपणा केला. गाणं माझं आहे, शब्द आणि चाल माझी, असं चॅनलवर लिहून टाकलं. लोक उलटलेच. नाव भिवाजींचं आणि म्हणतो माझं, म्हाताऱ्या गुरूला लुबाडतो, मास्तर कसला हा, असं काय काय लोकांनी लिहिलं. रीत पाळली म्हणून आपण चोर ठरलो, हे त्याला समजतच नव्हतं.

त्याची बायको प्रीती मंडल ऑफिसात, म्हणजे तिकडच्या तहसिलीत, क्लार्क. रोज अर्ज-दाखल्यांत वावरणारी बाई, ती रडगाण्यात वेळ घालवत नाही. गाणं तुमचंच असल्याचा गुरुजींचा जबाब घ्या, तोही मोबाईलवर, दोन वाक्यांत, हरकतीला जोडा आणि चॅनलवरही टाका, असं तिने सांगितलं. सातव्या दिवशी, रविवारी, धम्मपाल गुरुजींच्या गावी गेला.

भिवाजी गुरुजी अंगणात खाटेवर बसले होते. वर्षभरापासून त्यांना विसर पडू लागला होता. जेवण झालं का हे ते दोनदा विचारायचे, आणि गाणं तर सुटलंच होतं. धम्मपालने जयभीम केला आणि आठवण द्यावी म्हणून मोबाईलमध्ये ठेवलेलं गाणं लावलं. गुरुजींनी मान वर केली. दुसऱ्या ओळीला ते गुणगुणू लागले, तिसऱ्या कडव्याला हात वर करून थांबवलं.

“पाटी पुसली नाई, पाटी भिजली म्हन,” ते म्हणाले. “माह्या मायवर बांधलं हे मी.”

धम्मपालला आधी राग आला, चांगला सणसणून आला. दहावीच्या परीक्षेवर पहारा देताना कागदाच्या मागे त्याने हे गाणं लिहिलं होतं. मग त्याच्या लक्षात आलं, की ‘भिजली’ हाच शब्द चांगला आहे. आणि मग आणखी एक गोष्ट लक्षात आली, ती त्याला नकोच होती. त्याच्या स्वतःच्या आईने कधी कापूस वेचला नव्हता. ती अंगणवाडीत होती. ओटीत कापूस भरलेली माय गुरुजींची होती, कार्यक्रमांहून परतताना जीपमध्ये त्यांनी दहादा सांगितलेली. मग गाणं कुणाचं? हरकतीच्या फॉर्मवर मूळ रचनाकार तुम्हीच का, असं विचारलं होतं आणि पुढे होय-नाही असे दोनच चौकोन होते.

गुरुजींची बायको रुख्मिणीबाई त्याला चुलीकडे घेऊन गेली. तिचे डोळे भरले होते. वर्षाने नवरा गायला होता.

“मले ठाव हाय, गानं तुह्यंच हाय,” ती हळू म्हणाली. “यायले आता काई उमजत नाई. मी सांगतो मोबाईलात. काढ.”

धम्मपालने मोबाईल काढलाही. एवढं बोलली असती की चॅनल वाचलं असतं. पण म्हणजे नवऱ्याचं डोकं चालत नाही, हे तिने चोवीस हजार माणसांपुढे सांगायचं. तिने पदर सारखा केला आणि ती ताठ उभी राहिली, फोटो काढताना राहतात तशी. त्याचं बोट बटणावर नुसतं टेकून राहिलं. हे करणं बरोबर की न करणं बरोबर, त्याला काही केल्या ठरवता येईना.

अंगणातून गुरुजींची हाक आली. “धम्मपाल, कुठी गेला रे? ये, ते गानं तुले शिकवतो. तुह्या गळ्याले शोभन.”

रुख्मिणीबाईने त्याच्याकडे पाहिलं. त्याने मोबाईल खिशात टाकला, बाहेर येऊन गुरुजींच्या पायाशी मांडी घातली आणि पहिली ओळ मुद्दाम थोडी चुकीची म्हटली.