उसण नव्हती ती

"टार्लोव्ह सिस्ट," डॉक्टर म्हणाले आणि एमआरआयच्या फिल्मवर त्यांनी पेनाचं टोक टेकवलं. कमरेच्या मणक्यांखाली, माकडहाडाच्या थोडं वर, दोन पांढरे ठिपके दिसत होते. एक हरभऱ्याएवढा, दुसरा चांगला बोराएवढा. मी ते उभ्यानेच पाहिले. तेव्हा मला बसता येत नव्हतं.

सिस्ट म्हणजे पाण्याची पिशवी. मेंदूपासून पाठीच्या कण्यापर्यंत एक पाणी फिरत असतं. कण्यातून पायाकडे जाणाऱ्या नसेचं आवरण मुळाशी फुगतं आणि त्यात हे पाणी शिरतं. शिरायला वाट असते, बाहेर पडायला मात्र ती पुरत नाही. मग पिशवी फुगत जाते आणि नसा दाबते. बसलं की दाब वाढतो, आडवं झालं की कमी होतो.

माझ्या नवऱ्याने एकच विचारलं, "गाठ हाय का सायेब?"

आमच्याकडे गाठ म्हटलं की माणसं पुढचं काही ऐकत नाहीत. "कॅन्सर नाही," डॉक्टर म्हणाले. "दुर्मिळ आहे, त्रास देते, पण कॅन्सर नाही." तेव्हा कुठे यांच्या जिवात जीव आला. माझ्या मात्र आला नाही. मी उत्रोलीत ब्लाऊज शिवते. यांची भातशेती आहे, ती पोटापुरती. शिलाई मशीन माझं स्वतःचं आहे, आणि मशीनवर बसणं हाच माझा धंदा. ते बसणंच गेलं होतं.

सुरुवात भातकापणीत झाली. वाकून उठताना कमरेत कळ आली. कापणीत अशी कळ अर्ध्या गावाला येते. तिला आम्ही उसण भरली म्हणतो आणि तिच्यावर उपायही ठरलेला आहे. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. त्याने कमरेला तीनदा पाय लावला की उसण उतरते. आता गंमत अशी की उत्रोलीतली पायाळू मीच. लहानपणापासून मी मोठमोठ्या माणसांच्या कमरेला लाथा मारत आले आहे आणि वर त्यांच्याच घरचा चहा पीत आले आहे. पण आपला पाय आपल्याच कमरेला कसा पोचणार?

"पायाळूलाच उसण भरली, आता काय म्हनावं," सासूबाई म्हणाल्या. "कामथडीला तात्या हायेत पायाळू. त्येंच्याकडं जाऊन ये."

गेले. तात्या म्हणजे सत्तरीचे, शेतकरी, देवमाणूस. मी ओट्यावर पालथी पडले. पहिल्यांदा पाय लावला, दुसऱ्यांदा लावला. तिसऱ्यांदा त्यांनी जरा भार दिला आणि कमरेपासून टाचेपर्यंत विजेचा झटका बसावा तशी कळ गेली.

"उतरली बग," तात्या म्हणाले.

"व्हय, बरं वाटतंय," मी म्हणाले. एवढ्या मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? परत येताना डाव्या पायाला मुंग्या होत्या. माझ्याकडे येणारेही 'बरं वाटतंय' असंच म्हणून जातात. त्यांतले किती जण खरं बोलत असतील, हा प्रश्न मला तेव्हा पहिल्यांदा पडला.

पुढचे काही महिने ती उसणच आहे असं धरून गेले. गोळ्या झाल्या, पट्टा झाला, शेक झाला. बसलं की बैठकीच्या जागी निखारा ठेवल्यासारखं व्हायचं, पाय बधिर व्हायचा. उभ्याने जेवायचे. ब्लाऊज परत करायला लागले. एका डॉक्टरांनी एमआरआय काढायला लावला. अहवाल बघून ते म्हणाले, "अशा सिस्ट पुष्कळांना असतात, त्यांना पत्ताही नसतो. लक्ष देऊ नका." त्यांचंही खोटं नव्हतं. बहुतेकांना खरंच त्रास होत नाही. मला होत होता.

एक गोष्ट मी त्यांना सांगितलीच नाही. लघवीला गेलं की सुरू व्हायला वेळ लागायचा. असलं पुरुष डॉक्टरपुढे कोण बोलणार? बायांनो, बोला. शेवटी पुण्याला गेले. फिल्मवर पेन टेकवणाऱ्या तिथल्या डॉक्टरांनी ते थेट विचारलं, मी मान हलवली आणि त्यांनी लगेच फाईल पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली.

पुण्याला एसटीने जायचे, तेही उभ्याने. "मावशी, जागा हाय की मोकळी. बसा," कंडक्टर म्हणायचा. "नको, उभी बरी," मी म्हणायचे. कात्रजच्या बोगद्यापर्यंत सगळी एसटी माझ्याकडे बघत असायची. कुणाला वाटायचं नवस असेल.

डॉक्टरांनी आधी एक तपासणी सांगितली, ॲस्पिरेशन. सीटी स्कॅनमध्ये बघत बघत बारीक सुई घालून पिशवीतलं पाणी काढायचं. आराम पडला तर दुखणं तिचंच आहे हे नक्की. पाणी काढलं आणि दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलच्या बाकावर बसले. नुसती बसले. शेजारची बाई सुनेची तक्रार सांगत होती, तीही गोड लागली. आठवडाभरात पाणी पुन्हा भरलं आणि निखारा परत आला. मी खूप रडले. डॉक्टर मात्र समाधानी होते, कारण आता त्यांना खात्री पटली होती.

मग ऑपरेशनचं बोलणं झालं. "पिशवी आम्ही कापून काढत नाही," ते म्हणाले. "नसेचे धागे तिच्या भिंतीतच असतात. वरचं हाड थोडं उघडायचं, पाणी काढायचं, सैल भिंत चुण्या घालून शिवायची आणि भोवती तुमचीच थोडी चरबी भरायची, म्हणजे ती पुन्हा फुगणार नाही."

"म्हणजे ढगळ ब्लाऊज आत घ्यायचा," मी म्हणाले.

ते हसले. "तसंच. फक्त कापड जिवंत आहे. धागा दुखावला तर पाय आणखी बधिर होईल, लघवीवरचा ताबाही जाऊ शकतो. बसता येईलच अशी हमी मी देत नाही."

तात्यांचा पाय लावून घेतल्याचंही मी सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. "पायाने सिस्ट होत नाही. पण तिथे कुणाचा भार घेऊ नका."

घरी सासूबाईंचा विरोध होता. "चालतीफिरती हायेस, कशाला कापाकापी?" चालता येत होतं हे खरं. पण उभ्याने ब्लाऊज शिवता येत नाही, आणि पुढचं सगळं आयुष्य उभ्याने किंवा आडव्याने काढायचं मला मान्य नव्हतं. मी सही केली.

ऑपरेशनचं मला काहीच आठवत नाही. नंतरचं आठवतं. काही दिवस सपाट पडून राहायचं, कारण टाक्यातून पाणी झिरपलं तर डोकं फुटायची पाळी येते. छताकडे बघायचं, नळीतून लघवी. मग नर्सने नळी काढली आणि म्हणाली, "आता स्वतःहून होऊ दे, ताई." झाली नाही. मी घाबरले. वाटलं, गेला ताबा, आपण हात दाखवून अवलक्षण केलं. तिने बेसिनचा नळ सोडला आणि बाहेर जाऊन दाराशी थांबली. बऱ्याच वेळाने धार लागली. एवढ्या साध्या गोष्टीसाठी मी देवाचे आणि त्या पोरीचे, दोघांचे आभार मानले.

बरं होणं हे कासवाच्या चालीने होतं, हे ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी धरून चालावं. आधी पलंगाच्या कडेला बसायचं, मग मऊ उशीवर, मग खुर्चीत. पहिल्या महिन्यात मला वाटलं, सगळं फुकट गेलं. डाव्या तळव्याची थोडी बधिरता आजही आहे, मशीनचं पायडल मी उजव्या पायाने मारते. लांबचा प्रवास अजून जमत नाही. आणि कळ गुडघ्याखाली उतरत असेल, बसल्याने वाढून आडवं पडल्याने थांबत असेल, तर तिला उसण म्हणू नका. उसण चार दिवसांत जाते.

त्या सगळ्या काळात माणसं माझ्याशी फार हळू बोलायची. आजाऱ्याशी बोलतात तशी. मला ते नकोसं झालं होतं, पण बोलणार कुणाला? मशीन पुन्हा सुरू केल्यावर पहिला ब्लाऊज हिराकाकूंचा शिवला. दुसऱ्याच दिवशी तो हातात फडकवत त्या दारात आल्या.

"ही बाही बघ. दंडात घुसती लई. डोळं कुठं व्हतं शिवताना?"

"उद्या सैल करून देते, काकू."

"उद्या न्हाई, आत्ता! मला आंबवड्याला लग्नाला जायाचंय. बस हितं आन उसव."

मी बसले.