हिरड्यांचे इन्स्पेक्टर

“आ कर, बेटा.”

वाळूजच्या आमच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत कुणी गालावर नुसता हात ठेवला, तरी चाचांच्या नजरेतून सुटायचं नाही. खिशातला पेनाएवढा टॉर्च बाहेर यायचा, हनुवटी दोन बोटांत धरली जायची आणि समोरच्याच्या तोंडात उजेड पडायचा. याच टॉर्चने ते दिवसभर सुट्या भागांच्या भोकांमधले चरे शोधायचे. चाचा तपासणी विभागात होते आणि मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर. माणूस आणि माल यांत त्यांनी कधी भेदभाव केला नाही.

निकालही मालाचेच. हिरडी गुलाबी असेल तर “पास.” लाल आणि सुजलेली, पण दुरुस्त होण्याजोगी असेल तर “रिवर्क.” दात हलत असेल किंवा पू दिसला तर “रिजेक्ट. डॉक्टरकडं जा, इथं माझं काम नाय.” गुटखेवाल्यांना निकालच मिळायचा नाही. आधी पुडी कचऱ्यात, मग टॉर्च.

रिवर्कवाल्यांना मात्र उपाय मिळायचे. कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या. दुखऱ्या जागी एक लवंग, ती चावायची नाही, नुसती धरून ठेवायची. पेरूची पानं उकळून गार केलेलं पाणी. ही पानं बजाजनगरातल्या माझ्या अंगणातून यायची. त्या पेरूला फळं किती येतात हे मला अजून कळलेलं नाही, कारण पालवी फुटली की ती आमच्या विभागाच्या हिरड्यांवर खर्च व्हायची.

स्टोअरमधल्या एका भाऊंनी एकदा मूठभर मीठ टाकून गुळणी केली आणि तोंड वाकडं करून थेट भांडायला आले.

“तोंडाचं लोणचं घालायचं होतं का?” चाचा शांतपणे म्हणाले. “मीठ किती, तर आसवांइतकं. रडताना ओठावर येतं ना, तेवढंच.”

“मी रडत नाय, चाचा.”

“म्हणूनच अंदाज चुकला.”

आता चाचा निवृत्त होऊन पैठणला भावाकडे राहतात. त्यांच्या जागी आलेल्या मुलाकडेही टॉर्च आहे, पण तो फक्त भोकांत बघतो. आमच्या हिरड्या वाऱ्यावर पडल्या आहेत.

तुमच्याही लक्षात आलं असेल, जगाच्या तोंडात डोकावणाऱ्या या माणसाचं स्वतःचं तोंड आम्ही कधी पाहिलं नव्हतं. हसायचे तेही मिशीतल्या मिशीत. त्यांना एकुलती एक लेक. ती लहान असल्यापासून कुठल्याही लग्नात बापलेक एकाच ताटात नान खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, खायचे. नानचा मऊ भाग तिचा, रश्शातली हाडाची नळी चाचांची. “तिच्या लग्नातबी एकाच ताटात खाणार, मगच तिला जाऊ देणार,” हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं होतं की सगळ्या विभागाला पाठ झालं होतं.

चाचा अजून कामावर असतानाच ते लग्न अगदी जवळ आलं आणि ते गळ्यातला रुमाल गालावर बांधून यायला लागले. डब्यात नुसती पातळ खिचडी. टेबलाजवळ गेलं की लवंगांचा असा वास यायचा, जणू आत कुठे बिर्याणी दमाला लावली आहे.

“काय झालं, चाचा?”

“काय नाय. मी आरशात बघितलं. रिवर्क आहे.”

आमच्याकडे एक कडक नियम आहे. ज्याने माल बनवला त्याने तो पास करायचा नाही, तपासणारा दुसराच हवा. हा नियम चाचांनीच सगळ्यांच्या कानीकपाळी ओरडून सांगितला होता. “आपल्या मालावर आपला जीव असतो, चूक दिसत नाय,” असं ते म्हणायचे. मी त्यांच्या खिशातून टॉर्च काढला.

“आ करा, चाचा.”

“नक्को.”

“आपला माल आपणच पास करायचा नाय ना?”

त्यांनी रुमाल सोडला. हिरडी टरारून फुगली होती, कडेला पू होता आणि दोन दात हलत होते.

“रिजेक्ट,” मी म्हणाले.

“जरा नीट बघ ना, बेटा. रिवर्कमधी बसवता येतं का?” रोज ऑपरेटर त्यांच्याकडे जशी गयावया करायचे, अगदी तशीच. मग हळूच म्हणाले, “दात गेले तर नळी कशी खाऊ? लेक ताट घेऊन बसंल आन मी बघत बसू? आन सुईचंबी भ्याव वाटतं, कुणाला सांगू नको.”

मला हसू आलं. सुट्टी होताच मी त्यांना बजाजनगरातल्या दातांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर रागावले. मीठपाण्याने बरं वाटतं, पण मुळाशी पू झाल्यावर घरी बसायचं नसतं, म्हणाले. दोन्ही दात काढले. तेवढा वेळ चाचांनी माझ्या पर्सचा पट्टा घट्ट धरून ठेवला होता. बाहेर पडताना तोंडात कापूस असूनही त्यांनी खुणेने विचारलं, गुळण्या करू का? “उद्यापासून. कोमट पाणी आणि मीठ,” डॉक्टर म्हणाले. चाचांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू खटला तेच जिंकले होते.

लग्नात मी बायकांकडे चाचींजवळ बसले होते. पाठवणीच्या आधी चाचा ताट घेऊन आत आले आणि लेकीसमोर बसले. सवयीने नानचा मऊ भाग तोडून त्यांनी तिच्यापुढे ठेवला. तिने तो उचलला, रश्शात विरघळेपर्यंत बुडवला, नळी ताटावर आपटून आतला मऊ गर त्यावर काढला आणि घास त्यांच्या तोंडापाशी नेला.

“अब्बा, आ करो.”

आणि चाचांनी सगळ्यांदेखत आ केला. रिकाम्या जागेसकट सगळं दिसलं. घास तोंडात गेला तशी डोळ्यांतून धार लागली, मिशीतून ओघळत ओठांवर आली. त्यांनी ती पुसली नाही. चाची रडत होत्या, लेक रडत होती. मी वाकून विचारलं,

“चाचा, मीठ बरोबर आहे का?”

त्यांनी घास सावकाश गिळला.

“बिलकुल बराबर, बेटा.”