तीन नंबरचं मॅगझिन

पन्नाशी उलटल्यावर मी पिस्तूल हातात घेतलं. त्याआधीची सव्वीस वर्षं देवासच्या एका कारखान्यात, तपासणी विभागात, गिअरचे दाते मोजण्यात गेली. स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि दोन महिन्यांत घरात जीव रमेना. भाचीला गावाबाहेरच्या शूटिंग रेंजवर नाव घालायचं होतं, तिच्या सोबतीला म्हणून गेले. भाचीनं महिन्याभरात सोडलं. मी मात्र राहिले.

आमचे प्रशिक्षक माझ्याहून वीस वर्षांनी लहान. माळव्यात भावाला म्हणतात तसं सगळे त्यांना भिया म्हणत, मीही म्हणायला लागले. त्यांनी मला क्लबचं पॉइंट बावीसचं पिस्तूल नेमून दिलं आणि त्याची तीन मॅगझिनं. एका मॅगझिनमध्ये पाच काडतुसं भरायची, पाच गोळ्या झाडायच्या, मग दुसरं लावायचं. पहिलं वर्ष छान गेलं. हात स्थिर आहे, असं भिया स्वतःहून म्हणाले होते.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर गोळी अडकायला लागली. एक-दोन बार नीट व्हायचे आणि तिसऱ्याला घोडा दाबला की काहीच नाही. काडतूस चेंबरमध्ये सरळ जाण्याऐवजी नाक खाली खुपसून तिरकं अडलेलं असायचं. नियमाप्रमाणे पिस्तुलाचं तोंड निशाणाकडेच ठेवून डावा हात वर करायचा, भिया येणार, मॅगझिन काढून ते काडतूस मोकळं करणार. तोवर माझी लय गेलेली.

भियांनी कारण सांगितलं. धक्का बसताना मनगट सैल पडलं तर स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, पुरती मागे जात नाही, मग पुढची गोळी नीट उचलली जात नाही. "मॅडम, कलाई ढीली पड़ रही है आपकी." त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं, शिवाय माझं वय मला माहीत होतं, त्यामुळे मला ते लगेच पटलं. मग सकाळ-संध्याकाळ पाण्यानं भरलेली कळशी हात सरळ धरून उचलायची. कपडे पिळायला मशीन बंद, सगळं हातानं. मनगट चांगलं भरलं, पण गोळी अडकायची ती अडकतच राहिली. पुढे पुढे तर घोडा दाबण्याआधीच मला भीती वाटायला लागली आणि खरोखरच हात कापायला लागला.

धारला स्पर्धा होती. एकेका गोळीला तीन सेकंद मिळतात त्या फेरीत माझं पिस्तूल तीनदा अडलं. पहिल्या वेळी पंचांनी सवलत दिली. नंतरच्या वेळी दिली नाही, शून्यं पडली. मी शेवटून दुसरी आले.

पिस्तुलं तपासायच्या टेबलावर एक सत्तरीपुढचे गृहस्थ होते. पोलिसांत आर्मोरर, म्हणजे हत्यारांची देखभाल करणारे, म्हणून निवृत्त झालेले. धारचंच जुनं मराठी घर, पूर्वज दरबारात तलवारींना पाणी देणारे. त्यांना सगळे अण्णा म्हणत. चहा घेताना ते माझ्या शेजारी येऊन बसले आणि एवढंच विचारलं, "बाई, अडतं तेव्हा मॅगझिन कोणतं असतं?"

मला सांगता येईना. तिन्ही सारखीच दिसतात, हाताला येईल ते लावते, म्हटलं. आणि हे बोलतानाच मला माझीच लाज वाटली. ज्या बाईनं सव्वीस वर्षं नंबर नसलेला एक डबा पुढे जाऊ दिला नाही, ती तीन मॅगझिनांना खुणा न करता मनगटाला दोष देत बसली होती. अण्णांनी जास्त काही सांगितलं नाही. "खुणा करा, मग कळेल," म्हणाले.

परतताना गाडीत भियांनी फार मायेनं सुचवलं की मी आता एअर पिस्तूल करावं. त्यात एकेक छर्रा हातानं भरायचा असतो, अडकायचा प्रश्नच नाही. मला ते लागलं. पण वाद न घालता मी दोन आठवडे मागून घेतले.

दुसऱ्याच दिवशी मॅगझिनांच्या बुडाशी लाल नेलपॉलिशचे ठिपके दिले. एक, दोन, तीन. वहीत रकाने आखले. काडतुसं एकाच डब्यातली, तेल तेवढंच, पकड तीच. बदलायचं ते फक्त मॅगझिन. चौथ्या दिवशी वही बोलायला लागली. दोन नंबर एकदाही अडलं नाही. एक नंबर दोनदा अडलं. भियांना ते उघडायला लावलं तर आत काजळी आणि गोळ्यांवरच्या मेणाचा थर, साफ केल्यावर तेही सुरळीत चाललं. बाकी सगळी अडचण तीन नंबरची.

ते रिकामं करून उजेडात धरलं. काडतूस वर धरून ठेवणारे जे दुमडलेले काठ असतात त्यांना ओठ म्हणतात. डावा ओठ किंचित बाहेर फाकला होता. घरून व्हर्निअर नेला होता, मोजून पाहिलं, दोन नंबरच्या मानानं फरक चांगलाच निघाला. काडतुसं वर ढकलणारी आतली पट्टी अंगठ्यानं दाबली तर अर्ध्यावर अडखळायची. बाहेरून त्याच जागी बारीकसा पोचा, नखाला लागेल इतकाच. मग आठवलं. दिवाळीच्या आधी एकदा भरलेलं मॅगझिन माझ्याच हातून काँक्रीटवर पडलं होतं. मी उचललं, पुसलं आणि लावलं होतं.

अण्णांची मुलगी देवासला दिलेली. त्या रविवारी ते तिच्याकडे आले होते, रेंजवरही आले. त्यांनी वही वाचली, मॅगझिन हातात फिरवलं आणि मान हलवली. पकडीनं ओठ आत वळवू का, असं मी विचारलं तर जरा रागावलेच. आज चालेल, उद्या भलत्या वेळी दगा देईल, हे बाद करून नवीन मागवायचं, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

भिया हे सगळं ऐकत उभे होते. त्यांना पुरतं पटलेलं दिसत नव्हतं. मी म्हटलं, "भिया, बाद करण्याआधी एकदा तुम्ही चालवून पाहा. तुमचं मनगट तर पक्कं आहे." अण्णांनीही हरकत घेतली नाही.

भियांनी तीन नंबर लावलं. रेंजवरच्या सगळ्या पोरी मागे येऊन थांबल्या. पहिला बार. दुसरा बार. तिसऱ्याला काहीच नाही. भियांचा डावा हात हळूहळू वर गेला. अण्णांनी जाऊन पाहिलं, काडतूस नाक खाली खुपसून बसलं होतं.

भियांनी पिस्तूल रिकामं करून ठेवलं, कानांवरची आवाज अडवणारी झाकणं काढली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, गलती मेरी थी. कलाई आपकी एकदम ठीक है." मी बाकावर जाऊन बसले आणि पाणी प्यायले.

नवीन मॅगझिन येईपर्यंत दोनच मॅगझिनांवर सराव केला. हाताचा कंप आठवड्याभरात गेला. पुढची स्पर्धा देवासलाच झाली. सकाळी तीसच्या तीस गोळ्या गेल्या. दुपारच्या जलद फेरीत पहिली पाच झाली, दुसरी पाच झाली. चौथ्या पाचाला मी मोजणंच सोडून दिलं. समोर फक्त काळा गोल आणि हातातला तो नेमका, एकसारखा धक्का. साठ गोळ्या, एकदाही हात वर करावा लागला नाही.

ज्येष्ठ महिलांत मी पहिली आले. धारच्या स्पर्धेत माझ्या पुढे असलेल्यांतल्या दोघी या वेळी माझ्या दोन्ही बाजूंना उभ्या होत्या. पदक गळ्यात पडलं तेव्हा भिया शिट्टी वाजवत होते. अण्णा इथेही पिस्तुलं तपासायला होते, ते टेबलामागून उठून आले आणि माझ्या हातात हात देऊन म्हणाले, "बाई, आता आमच्या धारच्या पोरींनाही वही ठेवायला शिकवा." पुढच्याच रविवारी मी धारची बस धरली.